पाटकडेची वाट आणि सायकल

उसाचा हंगाम सुरू झाला की सकाळी साडेसहाच्या सुमारास नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहून बघावे. डबल ट्रॉली लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल फडके. त्यांना ओलांडू पाहणारे मालट्रक. शिर्डीकडे धावणाऱ्या गाड्या. आणि डांबर संपून खड्डे सुरू होतात त्या वीतभर पट्टीवर कॅरिअरला दप्तर बांधून सायकल रेटणारी आठवीतली पोर. घरी तिची आई ऊस खुरपायला जाताना मनात धाकधूक घेऊनच जाते. कुठे अपघात झाल्याचे कानावर आले की पहिली गोष्ट घडते ती म्हणजे पोरीची सायकल भिंतीला लागते. एस.टी.ची वेळ शाळेशी जुळत नाही. मग हळूहळू शाळाही सुटते. हे आपल्या वस्त्यांमधून आपण सर्वांनी पाहिले आहे.

गंमत अशी की या पट्ट्यातल्या कितीतरी गावांच्या मागच्या अंगाला एक दुसरी वाट निवांत पडून असते. ती पाटाची वाट. पाटाच्या पाळीवरून जाणारा मुरमाचा रस्ता पाटबंधारे खात्याने तपासणीसाठी ठेवलेला असतो. पाटकरी आपल्या सायकलीवर किंवा हल्ली मोटारसायकलवर फिरतो, एखादा शेतकरी चारीचे पाणी बघायला येतो, बाया धुणे घेऊन उतरतात. मालट्रकचा मात्र तिथे पत्ता नसतो.

पाटाच्या कडेने सायकल चालवणे हाही काय लेखाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. म्हणून जरा लांबची हकिकत सांगतो.

युरोपात स्पेन नावाचा देश आहे. तिथे कास्तिया म्हणून गव्हाचा सपाट, कोरडा मुलूख आहे. आपला शेवगाव-पाथर्डीचा भाग आठवावा असाच उघडाबोडका. या मुलखातले धान्य समुद्रापर्यंत न्यायचे कसे, या विचाराने तिथल्या सरकारने १७५३ साली एक कालवा खणायला घेतला. तो संपायला १८४९ साल उजाडले. लांबी २०७ किलोमीटर. समुद्र गाठणे जमलेच नाही, मध्ये डोंगर आडवे आले. तरी कालव्यातून धान्याच्या होड्या चालू लागल्या. होडीला दोर बांधायचा आणि काठावरून खेचरांनी ती ओढायची, अशी पद्धत. म्हणून कालव्याच्या काठाने खेचरांसाठी वाट केलेली होती. कालवा खणणाऱ्यांत शिक्षा भोगणारे कैदीही जुंपले होते. इतिहासात राजाचे नाव राहते, कुदळ मारणाऱ्याचे राहत नाही, हे तिकडेही आपल्यासारखेच.

पुढे १८६० च्या सुमारास कालव्याच्या शेजारूनच रेल्वे आली आणि होड्यांचा धंदा बसला. १९५९ साली होड्या कायमच्या बंद झाल्या. पाणी मात्र आजही शेतीला आणि पिण्याला जाते. आणि खेचरांची ती वाट आता सायकलवाल्यांची झाली आहे. लोक दोन-दोन, तीन-तीन दिवस त्या काठाने सायकली चालवतात, रात्री गावात मुक्काम करतात. मोटारीचा भोंगा नाही, चढ नाही, एका बाजूला पाणी आणि झाडांची सावली.

तिथे रेल्वेचीही अशीच कथा आहे. तोट्यात गेलेल्या, खाणी संपल्यामुळे बंद पडलेल्या कितीतरी लोहमार्गांचे रूळ स्पेनने उखडले होते. १९९३ पासून त्या जागांवर पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांसाठी रस्ते करण्याचे काम हाती घेतले. त्यांना ते ‘हिरव्या वाटा’ म्हणतात. आज त्यांची एकूण लांबी ३,००० किलोमीटरच्या वर गेली आहे. एक वाट तर अशी की तिच्यावरून गाडी कधी धावलीच नाही. पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा मार्ग. १९२० च्या दशकात बोगदे खणले, पूल बांधले, स्टेशनेही उभी केली आणि काम थांबले ते थांबलेच. शेवगावची मंडळी रेल्वेची वाट पाहता पाहता म्हातारी झाली, त्यांना हे दुःख नीट कळेल. फरक इतकाच की तिकडे त्या ३० बोगद्यांतून आता सायकली जातात आणि जुन्या स्टेशनांत प्रवाशांच्या चहा-जेवणाची, मुक्कामाची सोय होते. अशीच दुसरी एक वाट १२८ किलोमीटरची. तिच्यावरून पूर्वी ऑलिव्हच्या तेलाचे पिंप भरलेली गाडी जाई. तो सगळा ऑलिव्हच्या बागांचा आणि रोजंदारीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुरांचा प्रदेश. आपल्याकडे ऊस, तिकडे ऑलिव्ह.

या वाटा सायकलीला इतक्या सोप्या का? कारण रेल्वेच्या इंजिनाला चढ झेपत नाही. शंभर फूट अंतरात दोन-तीन फुटांपेक्षा जास्त चढ ठेवताच येत नाही. म्हणून डोंगर पोखरायचा, दरीवर पूल बांधायचा, पण मार्ग सपाट ठेवायचा. कालव्याचे तर त्याहून पुढचे. पाणी आपोआप पुढे जावे एवढाच उतार त्याला लागतो. म्हणून पाट टेकडी आली की वळसा घेतो, ओढा आला की मोरी बांधून ओलांडतो आणि एकाच पातळीने मैलोगणती जात राहतो. ज्याने पाटाच्या कडेने सायकल मारली आहे त्याला हे पायांनीच माहीत असते. दम लागत नाही. साठीच्या माणसालाही तासाला दहा-बारा किलोमीटर सहज जमतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे या. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली झाले. त्याचे पाणी प्रवरा नदीतून संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून डावा व उजवा असे दोन पाट निघतात. डावा पाट श्रीरामपूर शहरातूनच जातो. कोपरगाव-राहात्याकडे गोदावरीचे पाट आहेत, तर राहुरी-नेवाशाकडे मुळा धरणाचे. आणि आता निळवंडे. १९७० मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. एकट्या त्या कालव्याची लांबी ८५ किलोमीटर. सर्व पाटांची बेरीज केली तर स्पेनच्या त्या २०७ किलोमीटरांना आपण भारी पडू.

या पाटांवर कोणी माती वाहिली, हे वेगळे सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर राबलेली माणसे अजून आपल्या घराघरांत आहेत. ज्यांच्या बापजाद्यांनी माती टाकली त्यांच्या वाट्याला पाटाचे पाणी फारसे आले नाही, कारण पाणी जमिनीला मिळते आणि जमीनच नव्हती. निदान त्या पाळीवरची वाट तरी त्यांच्या नातवंडांना मिळावी, एवढे मागणे काही फार नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाण्याचा विषयही त्यांच्याकडे होता. तेव्हा नदीचे पाणी शेती, वीज, जलवाहतूक अशा अनेक कामांना एकदम लावावे, असा त्यांचा आग्रह असे. पाट म्हणजे फक्त उसाला पाणी, ही समजूत त्या मानाने फारच तोकडी आहे.

अडचणी नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. पाटाचा रस्ता खात्याचा आहे, सार्वजनिक नाही. खाते हरकत घेऊ शकते. बहुतेक ठिकाणी तो एकाच पाळीवर असतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाळ्यात चाक फिरत नाही. बाभळीचे काटे तर पंक्चरवाल्यांनीच पेरल्यासारखे. काही ठिकाणी अतिक्रमणे झाली आहेत आणि वाट मध्येच कुंपणाला टेकते. सगळ्यात मोठी भीती पाण्याची. आवर्तन सुटले की पाट काठोकाठ वाहतो, त्याला ओढ असते, आणि अस्तरीकरण झालेल्या पाटाच्या गुळगुळीत कडेवरून पडलेल्याला पोहता येत असूनही वर चढता येत नाही. पाटात पोरे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. म्हणून नुसते ‘पोरांनो, पाटाने जा’ म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल.

पण उपाय महागडे नाहीत. शाळेच्या दिशेचा चार-पाच किलोमीटरचा तुकडा मुरूम टाकून दाबून घ्यावा. वळणावर आणि मोऱ्यांवर कठडे बांधावेत. डांबरी रस्ता जिथे पाटाला छेदतो तिथे सायकल जाईल पण ट्रॅक्टर शिरणार नाही, अशा बेताने खांब रोवावेत; स्पेनच्या वाटांवरही मोटारी अडवायला असेच खांब असतात. ठरावीक अंतरावर पाळीला लोखंडी शिडी किंवा पायऱ्या असाव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. त्यात ठराव मांडावा, त्याची नक्कल पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कागद जिवंत राहत नाही, हे कारकुनी नोकरीत शिकलेले शहाणपण. ठराव मांडायला महिला मंडळ पुढे आले तर उत्तमच, कारण सायकल भिंतीला लावायची की नाही हे शेवटी घरात त्याच ठरवतात.

ज्यांना आधी स्वतः अनुभव घ्यायचा आहे त्यांनी दिवाळीनंतरचा एखादा रविवार धरावा. तेव्हा चिखल वाळलेला असतो आणि ऊनही सोसते. आवर्तन चालू आहे का, पुढे वाट तुटली आहे का, हे पाटकऱ्याला विचारावे. त्याला पाटाचा कोपरा न् कोपरा ठाऊक असतो आणि विचारणारा भेटला की तो मनापासून सांगतो. लहान मुले पाण्याच्या उलट्या बाजूला ठेवावीत. डबा, पिण्याचे पाणी, हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान बरोबर घ्यावे. सुरुवात आपल्याच गावाच्या पुलापासून करावी आणि पुढच्या गावच्या पुलावरून परत फिरावे. पहिल्या खेपेला तेवढे पुष्कळ झाले.