नऊ चूक दाखवतो

नवाचा पाढा आपल्याला येतो. नऊ दुणे अठरा. एक नि आठ मिळून नऊ. नऊ त्रिक सत्तावीस. दोन नि सात, पुन्हा नऊच! ही नुसती गंमत नव्हे. तिने पैसेही वाचतात.

एकदा आम्ही उधारीचा हिशोब जुळवत होतो. दुकानाच्या वहीत बेरीज 412 रुपये, घरच्या वहीत 385. फरक 27 चा. आम्ही 27 ला नवाने भागले. भाग पुरता गेला, 3 आले. म्हणजे कुठेतरी आकडा उलटा पडला असावा, आणि त्याच्या दोन अंकांत तिनाचा फरक असावा. शोधले तर तेल सापडले. 58 च्या जागी 85! दुकानदाराने मुद्दाम केले असे नाही. घाईत कुणाचेही होते.

पण नऊच का? 58 मधला 5 दशकाच्या घरात आहे. तो म्हणजे पाच दहा. तो एककाच्या घरात आला, की प्रत्येक दहाचा एक होतो, नऊ जातात. 8 दशकात गेला, की प्रत्येक एकाचे दहा होतात, नऊ वाढतात. पाच वेळा नऊ गेले, आठ वेळा नऊ आले. वर राहिले तीन वेळा नऊ, म्हणजे 27.

शून्य जास्त पडले तरी हेच. 40 चे 400 झाले तर फरक 360. त्यालाही नवाने भाग जातो. मात्र नऊ रुपयांची वस्तू लिहायची राहिली, तरी फरक नवाचाच येईल. तेव्हा आधी उलटे आकडे पाहावेत, मग शून्ये, मग राहिलेल्या वस्तू.