विश्लेषण : हरलेल्या न्यायमूर्तींचे मत निकालपत्रात का छापले जाते?

सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल लागला की मोबाइलवर आधी आकडा येतो. ४ विरुद्ध १, ३ विरुद्ध २. बहुमताने काय ठरवले याच्या बातम्या दिवसभर चालतात. वेगळे मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी काय लिहिले, ते शेवटच्या दोन ओळींत आटोपते. त्या मताने कुणाला जामीन मिळत नाही की कुठला कायदा रद्द होत नाही. तरीही ते सगळ्या कारणांसह, कधी कधी बहुमताच्या निकालापेक्षाही विस्ताराने, निकालपत्रात समाविष्ट होते.

घटना काय सांगते?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १४५ (५) नुसार सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सुनावणीला बसलेल्या न्यायमूर्तींच्या बहुमतानेच देता येतो. पण ज्यांना तो मान्य नाही, त्यांना आपला भिन्न निकाल देण्यास कोणतीही आडकाठी नाही, असेही तिथेच म्हटले आहे.

हे आपल्याला आज साहजिक वाटते. पण १९४९ पर्यंत भारतातील खटल्यांचे अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे आणि तिथे असे नव्हते. आतमध्ये कितीही मतभेद झाले, तरी बाहेर एकच मत येई. भिन्नमत जाहीर करण्याची मुभा प्रिव्ही कौन्सिलमध्ये १९६६ साली मिळाली. आपल्या घटनाकारांनी ती आधीच दिली होती.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. सुचवलेला बदल मुख्य कोडमध्ये घेतला नाही, तरी तो आणि त्यावरची चर्चा नोंदीत राहते. पुढे बिघाड झाला की लोक ती नोंद उघडून बघतात. न्यायालयात मात्र तो बिघाड कळेपर्यंत माणसे तुरुंगात असू शकतात.

२८ एप्रिल १९७६ रोजी काय झाले?

आणीबाणी २५ जून १९७५ रोजी लागू झाली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ मधील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद करण्यात आला. ‘मिसा’ कायद्याखाली देशभर हजारो जण विनाचौकशी आत होते. महाराष्ट्रात येरवडा, नाशिक रोडच्या तुरुंगांत मिसाबंदी होते. अटक बेकायदा आहे, माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशा बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस) याचिका उच्च न्यायालयांत दाखल झाल्या. नऊ उच्च न्यायालयांनी अशा याचिका ऐकता येतात, असे म्हटले. त्यात मुंबई उच्च न्यायालयही होते. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने ओळखला जाणारा खटला तो हाच.

सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना एक प्रश्न विचारला. अनुच्छेद २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. मग एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारले, तर? आणीबाणी असेपर्यंत न्यायालयात त्यावर दाद मागता येणार नाही, असे डे यांचे उत्तर होते.

तरीही निकाल ४ विरुद्ध १ असा सरकारच्या बाजूने लागला. बहुमतात सरन्यायाधीश अजितनाथ रे, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती होते. एकट्या खन्ना यांनी लिहिले की, जगण्याचा हक्क ही अनुच्छेद २१ ने दिलेली देणगी नाही. तो अनुच्छेद नसता तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचे प्राण किंवा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार सरकारला नसता. या निकालाने सरन्यायाधीशपद जाईल, हे त्यांनी आधीच आपल्या बहिणीला सांगितले होते. तसेच झाले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

मग त्या मताचा उपयोग काय झाला?

स्पष्टच सांगायचे तर, तुरुंगात असलेल्यांना त्या दिवशी काहीही झाला नाही. एकही मिसाबंदी त्या मताच्या जोरावर बाहेर आला नाही. ते सुटले राजकारण बदलल्यामुळे.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ खालचे हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. ही दुरुस्ती खन्ना यांच्या निकालामुळेच झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; निवडणुकीत सत्ताबदल झाला नसता तर ती झाली नसती. पण बहुमताच्या निकालाने उघडे ठेवलेले दार तिने बंद केले.

तो निकाल मात्र कागदोपत्री कायम होता. तो औपचारिकरीत्या रद्द ठरला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या (पुट्टस्वामी) खटल्यात. हा खटला आधारच्या वादातून आला होता. १९७६ च्या बहुमताचा निकाल गंभीररीत्या सदोष होता, असे त्यात लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र. वडिलांचा निकाल मुलाने पुसला, याचीच तेव्हा जास्त चर्चा झाली. खन्ना हे पाहायला नव्हते. त्यांचे २००८ साली निधन झाले होते.

त्याच निकालाने आणखी एक जुने भिन्नमत वर आणले. खरकसिंग खटल्यात (१९६२) पोलीस पाळतीचा प्रश्न होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने म्हटले; तो वैयक्तिक स्वातंत्र्याचा आवश्यक भाग आहे, असे न्या. सुब्बा राव यांनी न्या. शहा यांच्यासह वेगळ्या निकालात लिहिले. आज ॲप आपली माहिती कशी वापरते, यावर आपण हक्काच्या भाषेत बोलतो, त्याला हा ५५ वर्षे पडून राहिलेला युक्तिवादही कारणीभूत आहे.

अल्पमत नेहमीच बरोबर ठरते का?

नाही. बहुतेक भिन्नमते तिथेच राहतात आणि काही राहावीत हेच बरे. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) संसद घटनेची मूलभूत चौकट बदलू शकत नाही, हा निकाल ७ विरुद्ध ६ असा निसटता होता. बहुमतात खन्ना होते, तर विरोधात यशवंत चंद्रचूड. पुढे सरन्यायाधीश झाल्यावर याच चंद्रचूड यांनी मिनर्व्हा मिल्स खटल्यात (१९८०) मूलभूत चौकटीचाच आधार घेऊन ४२ व्या घटनादुरुस्तीतील तरतुदी रद्द केल्या. आपले मत हरले, तर ठरलेला कायदा मानून पुढे काम करायचे, हीही न्यायालयातल्या मतभेदाची रीत आहे. चंद्रचूड यांचे नाव निघाले की १९७६ आठवते, १९८० आठवत नाही, हे थोडे अन्यायाचे आहे.

दोनच न्यायमूर्ती असतील आणि मते फुटली तर?

तेव्हा बहुमतच नसते. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवून मोठ्या पीठाकडे पाठवले जाते. हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी असेच झाले. उच्च न्यायालयात साधारणपणे तिसरे न्यायमूर्ती मत देतात. सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या ‘फॅक्ट चेक युनिट’ला देणाऱ्या नियमाविरुद्ध विनोदवीर कुणाल कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला, तर न्या. नीला गोखले यांनी वैध ठरवला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेल यांच्याशी सहमती दर्शवली आणि नियम रद्द झाला.

गोखले यांचा निकालही नोंदीत आहे. सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रे तर त्याच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात आणि निवडक निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. भिन्नमत सहसा बहुमताच्या निकालानंतर असते. फाइल उघडल्यावर थोडे खाली जावे लागते.