कुऱ्हाडीच्या आधी फिरणारी फाईल

कोलकात्यात हुगळीच्या काठावर वसलेल्या गार्डन रीचला हे नाव मिळाले ते अठराव्या शतकातील इंग्रजांच्या बागबंगल्यांमुळे. अवधचे राज्य गमावलेला नवाब वाजिद अली शाह 1856 मध्ये याच भागात आला आणि मटियाबुर्जात त्याने प्राणिसंग्रहालयासह दुसरे लखनौ उभारले. त्या बागांपैकी आज उरली आहेत ती बहुतांशी नावे. 17 मार्च 2024 च्या रात्री येथे एक बेकायदा, अर्धवट बांधलेली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळून दहाहून अधिक माणसे दगावली. त्या वस्तीचे नाव अजहर मोल्ला बागान.

खासगी बागा अशा गेल्या. जुनी सावली टिकली ती दक्षिण पूर्व रेल्वेच्या मुख्यालयासारख्या सरकारी आवारांत. हे मूळचे बंगाल नागपूर रेल्वेचे ठाणे. 2003 मध्ये बिलासपूरला नवे मुख्यालय होईपर्यंत नागपूरच्या एका रेल्वे विभागाचा कारभार येथूनच चाले. त्यामुळे मराठी रेल्वे अधिकाऱ्यांना हे आवार अनोळखी नाही. अशा जागेवर काय तोडायचे, काय राखायचे हे स्थानिक नगरसेवक ठरवीत नाही. पश्चिम बंगालचा 2006 चा वृक्षसंरक्षण कायदा परवानगी मागतो खरा, पण अर्ज दाखल होतो तेव्हा नकाशा बहुधा मंजूर झालेला असतो. वृक्षतोडीचे राजकारण तापते ते त्यानंतर.

दिल्लीने हे 2018 मध्ये पाहिले. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासात सोळा हजारांहून अधिक झाडे जाणार, हे कळताच नागरिक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि जूनअखेरीस प्रकरण उच्च न्यायालयात थबकले. मोडकळीस आलेली निवासस्थाने पाडून नवी बांधण्याची गरज कोणी नाकारली नव्हती. आक्षेप होता तो रिकामा भूखंड गृहीत धरून काढलेल्या आराखड्याला. मात्र नौरोजीनगरातील बहुतेक झाडे तोवर पडली होती. मुंबईत आरेचेही तेच झाले. ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे तोडून झाली होती.

कोलकात्याजवळच्या जेसोर रोडची कहाणी याहून बोलकी आहे. बारासात ते पेट्रापोल मार्गावरील रेल्वे उड्डाणपुलांसाठी 356 झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने 2018 मध्ये मुभा दिली. प्रकरण दिल्लीत आल्यावर, मूळचे नागपूरचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली. समितीने एका झाडाचे मोल वर्षाला 74,500 रुपये धरले. त्यातले 45,000 केवळ प्राणवायूचे. तीनशे झाडांची किंमत 220 कोटींवर गेली. हिशेबाच्या पद्धतीवर वाद होऊ शकतो, पण सरकारी भाषेत झाडाला प्रथमच आकडा मिळाला. तरीही फेब्रुवारी 2023 मध्ये न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने तोडीची मुभा कायम ठेवली. रेल्वे फाटकांवरील खोळंबा खरा होता, आणि पुलांची जागाही ठरून गेली होती.

एका झाडामागे पाच रोपे, ही उच्च न्यायालयाची अट होती. शतकभर वाढलेल्या शिरीषाची सावली पाच रोपे किती वर्षांत देणार, हा प्रश्न अटीत बसत नाही. महाराष्ट्राने 2021 च्या दुरुस्तीत निदान वयाची दखल घेतली: पन्नास वर्षांवरील झाड हे वारसावृक्ष, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक. पण ही तरतूदही तोडीचा निर्णय झाल्यानंतरची आहे.

गार्डन रीचसारख्या आवारांना हवी आहे ती त्याआधीची पायरी: प्रत्येक झाडाची जागा, घेर आणि अंदाजे वय दाखविणारी मोजणी, वास्तुविशारदाच्या हाती कोरा नकाशा जाण्यापूर्वी. तिला नवा कायदा लागत नाही. विभागाचे एक परिपत्रक पुरते.