नावे घातलेली भांडी आणि बोहेमियन टेबल

लग्नाच्या स्वागत समारंभातील जेवणाच्या टेबलांची सजावट ठरवताना मुंबईतील डेकोरेटरांच्या बोलण्यात आता ‘बोहेमियन’, किंवा थोडक्यात ‘बोहो’, हा शब्द सर्रास येतो, आणि त्या शब्दाबरोबर जी चित्रे दाखवली जातात त्यांत उघड्या लाकडाची बुटकी टेबले, जाड सुती कापड, परस्परांशी न जुळणारी भांडी, वाळलेली गवते, सैल मांडलेली फुले आणि दोरीच्या गाठींची झालर अशा वस्तू दिसतात. या वस्तूंच्या यादीपेक्षा त्यांच्यामागील तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे. सगळी टेबले एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसावीत, हा रूढ सजावटीचा आग्रह ही शैली नाकारते, आणि वापरलेल्या, हाताने घडवलेल्या, निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेल्या वस्तूंना एकत्र नांदवते.

शब्दाचा उगम एका गैरसमजात आहे. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडील प्रदेश, आणि युरोपभर भटकणारे रोमा लोक तिथूनच आले असावेत अशा समजुतीने फ्रेंचांनी त्यांना ‘बोहेमियन’ म्हटले. पुढे पॅरिसमधील निर्धन चित्रकार व लेखक यांच्या अनियमित राहणीलाही तेच नाव पडले, आंरी म्युर्जे या लेखकाने त्या जीवनावरची आपली कथाचित्रे 1851 मध्ये पुस्तकरूपाने आणली आणि त्यांच्या आधारे पुच्चीनीने रचलेली ‘ला बोएम’ ही संगीतिका 1896 मध्ये तुरिन येथे रंगभूमीवर आली. रोमा लोक मुळात बोहेमियाचे नव्हतेच. त्यांची भाषा भारतीय आर्यभाषांच्या कुळातील असून तिच्यात पाण्याला ‘पाणी’ आणि कानाला ‘कान’ असेच म्हणतात, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शैलीतील कापडाची कथाही अशीच फिरून घरी येते. विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत भारतात आलेल्या हिप्पी तरुणांनी ठशांच्या छपाईची आणि आरशांच्या भरतकामाची वस्त्रे पश्चिमेत नेली व ती बोहेमियन घरसजावटीचा भाग झाली. त्या कापडांवर वारंवार दिसणाऱ्या आकृतीला इंग्रजीत ‘पेस्ली’ म्हणतात, कारण काश्मिरी शालींच्या नकला स्कॉटलंडमधील त्या नावाच्या गावी मोठ्या प्रमाणावर विणल्या जात. मराठी घरात ती आकृती कुयरी म्हणून ओळखली जाते, आणि हळदीकुंकवाच्या ज्या पात्राला तिचा आकार असतो त्याचेही नाव कुयरीच.

न जुळणाऱ्या भांड्यांचे तत्त्व मात्र गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींना कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नव्हती. एका खोलीच्या बिऱ्हाडात शंभर माणसांचे जेवण मांडण्याइतकी ताटे, वाट्या आणि पाट असणे शक्य नसल्यामुळे लग्नकार्यात ही सामग्री मजल्यावरच्या प्रत्येक घरातून येत असे. शेजाऱ्यांची खोली वरपक्षासाठी जानवस, म्हणजे उतरण्याची जागा, बने आणि पंगत चाळीच्या चौकात, गच्चीवर किंवा समोरच्या सामाईक गॅलरीत बसे. त्या पंगतीत एकाचा तांब्या पितळेचा, दुसऱ्याचा तांब्याचा आणि तिसऱ्याचे फुलपात्र स्टीलचे असे, आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नसे. कार्य उरकल्यावर ज्याचे भांडे त्याच्या घरी परत जावे यासाठी भांड्यांवर नावे घातलेली असत. भांडीवाला बारीक छिन्नी आणि हातोडीने ठिपक्याला ठिपका जोडत अक्षरे उठवी; एखाद्या जुन्या तांब्याच्या गळ्याखाली आजही मालकिणीचे नाव, गाव, तारीख आणि ‘सप्रेम भेट’ एवढा मजकूर वाचता येतो, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने त्यातले काही ठिपके बोटाला लागेनासे झालेले असतात. बोहेमियन टेबलासाठी जुनेपणाचा आभास मुद्दाम आणलेली भांडी भाड्याने आणली जातात, तेव्हा त्यांच्यावर नेमके हेच नसते.

मांडणीचे व्याकरणही पंगतीत तयार होते. केळीच्या पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, वरच्या कडेला मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि मध्ये वरणभात असा क्रम ठरलेला असे, आणि पानाभोवती रांगोळीची महिरप, म्हणजे कमानीसारखी वेलबुट्टीची चौकट, काढली जाई. विहिणींच्या पंगतीत ती अधिक भरघोस असे. शेजारी उदबत्ती, समई, अत्तरदाणी, गुलाबदाणी येई. आज केळवणाला, म्हणजे लग्नाआधी आप्तांकडून वधूला किंवा वराला दिल्या जाणाऱ्या जेवणाला, घरोघरच्या मुली ताटाभोवती फुलांची जी आरास करतात ती याच महिरपीची पुढची पायरी आहे, आणि स्वागत समारंभाच्या टेबलासाठी तोच सर्वांत विश्वसनीय नमुना ठरावा.

सामग्रीसाठी फार दूर जावे लागत नाही. दादर स्थानकाच्या पश्चिमेची फूलमंडई पहाटेपूर्वीच गजबजते आणि तिथे झेंडू, शेवंती, गुलछडी, अष्टर यांच्याबरोबर वसईकडच्या वाड्यांतून आलेली केळीची पाने आणि सुटी फुले मिळतात. गिरगावकरांना भुलेश्वरची फूलगल्ली जवळची. फुलांची निवड ऋतूने ठरवावी, कारण मोगरा हा उन्हाळ्याचा आहे आणि मार्गशीर्षातील लग्नात त्याचा हट्ट धरल्यास पैसा जास्त व फूल कमी अशी स्थिती होते. हिवाळ्यातील टेबलाला शेवंती अधिक शोभते आणि दमट हवेत ती टिकतेही. गुलछडीचा सुवास संध्याकाळी वाढतो, त्यामुळे ती प्रवेशद्वाराशी ठेवावी, अन्नाच्या वासावर तिची कुरघोडी होऊ देऊ नये. पॅम्पास या दक्षिण अमेरिकी गवताचे वाळलेले तुरे बोहेमियन सजावटीत हमखास मागितले जातात, परंतु दसऱ्याच्या तोरणांत झेंडूबरोबर ओवल्या जाणाऱ्या भाताच्या लोंब्यांना तोच फिकट सोनेरी रंग आहे. त्या सावलीत वाळवून ठेवल्यास महिनाभराने येणाऱ्या लग्नाला उपयोगी पडतात. टेबलाच्या मध्यातून लांबीने टाकल्या जाणाऱ्या पट्टीला रनर म्हणतात, आणि तिच्या जागी केळीची पाने अंथरायची असल्यास ती आचेवरून हलकेच फिरवून घ्यावीत, म्हणजे नरम पडून फाटत नाहीत.

कापडासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचे मंगलदास मार्केट आहे. खणाच्या किंवा इरकलीच्या कापडाचा रनर आता रुळला आहे, पण जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी घडी करून टेबलावर टाकली तर ती बोहेमियन कल्पनेच्या अधिक जवळ जाते. दोरीच्या गाठी मारून जाळी विणण्याच्या कलेला मॅक्रमे म्हणतात. तोरणे आणि कुंड्यांची शिंकाळी या रूपांत ती मराठी दिवाणखान्यात फार पूर्वी स्थिरावली, आणि रुखवतात क्रोशाच्या रुमालांशेजारी तिने आपली जागा मिळवली. वधूच्या घरचे हात ज्यात गुंतलेले आहेत ते रुखवत सभागृहाच्या कोपऱ्यात वेगळे मांडून ठेवण्यापेक्षा त्यातील वस्तू पाहुण्यांच्या टेबलांवर वाटून ठेवणे अधिक योग्य होय.

मापांकडे दुर्लक्ष झाल्यास सुंदर सजावटही अडचण ठरते. 5 फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती 8 माणसे नीट बसतात, आणि मधली फुलरचना साधारण एक फुटापेक्षा उंच झाली की समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. म्हणून उभट फुलदाणीऐवजी तांब्या, गडू, वाट्या अशा बुटक्या भांड्यांत थोडी थोडी फुले ठेवावीत. गिरगावातील लक्ष्मीबाग किंवा दादरचा वनमाळी हॉल यांसारख्या जुन्या वळणाच्या कार्यालयांत पंख्याखाली उघडी मेणबत्ती टिकत नाही, शिवाय वाळलेल्या लोंब्या आणि सुती झालरी यांच्या सान्निध्यात ती धोकादायकही असते. लोअर परळच्या कमला मिल आवारात 29 डिसेंबर 2017 रोजी गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 जणांचा बळी गेला, हे समारंभ मांडणाऱ्या कोणीही विसरू नये. ज्योत हवीच असेल तर ती काचेच्या हंडीत असावी आणि वाळलेली सामग्री तिच्यापासून हातभर दूर असावी.

या शैलीच्या नावाखाली प्लॅस्टिकची पाने, नकली फुले आणि लाकडाचा रंग दिलेला थर्माकोल वापरणे ही तिची सरळ फसवणूक आहे. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि ती नसती तरीही ज्या शैलीचा प्राण हाताच्या कामात आहे तिला साच्यातील वस्तू मानवल्या नसत्या. कुटुंबाने डेकोरेटरला परदेशी छायाचित्रे दाखवण्याआधी आपल्या दोन्ही घरांतील, आजोळच्या आणि शेजारच्या भांड्यांची यादी द्यावी, असा आग्रह म्हणूनच धरावासा वाटतो.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. माळ्यावरची ट्रंक त्याआधी उतरवावी. पितळ चिंच आणि मिठाने घासले की उजळते, आणि ज्या भांड्यांत आमटी किंवा कोशिंबीर वाढायची असेल त्यांना कल्हई करून घ्यावी, कारण आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतात. फुले ठेवण्यासाठी काढलेल्या तांब्यांना कल्हईची गरज नाही.