घरे का कलली?

समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर उभे राहून पायाने ती थोपटीत राहिले, तर थोड्याच वेळात वाळू थलथलू लागते, तिच्यावर पाणी चढते आणि पाय आत रुततो. क्षणापूर्वी भार सहज पेलणारी वाळू हादऱ्यांनी चिखलासारखी पातळ होते. जपानमधील एका शहरात असेच घडले.

टोकिओजवळ समुद्रकाठी उरायासू नावाचे शहर आहे. पूर्वी तेथे कोळ्यांचे गाव होते. १९६० नंतर समुद्रात भराव घालून तेथे विस्तीर्ण जमीन तयार करण्यात आली व तिच्यावर दाट वस्ती उभी राहिली. दि. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडे समुद्रतळाखाली प्रचंड भूकंप झाला. उरायासू तेथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही तेथे जमिनीतून वाळूमिश्रित पाणी उफाळून वर आले. पुष्कळ घरे खचली आणि कलली. कललेल्या घरांत राहणाऱ्यांना घेरी येऊ लागली.

असे का व्हावे? भरावातील वाळू सैल असते. तिचे कण एकमेकांवर टेकलेले असून मधल्या पोकळ्यांत पाणी असते. हादऱ्यांनी कण जवळ सरकू पाहतात. पण पाण्याला तत्काळ बाहेर पडता येत नाही. त्याचा दाब वाढतो, कणांचा परस्परांवरील आधार सुटतो आणि जमीन द्रवासारखी होते. यालाच जमिनीचे द्रवीभवन म्हणतात.

पण घर सरळ न खचता कलते का? घराचा भार केवळ त्याच्या पायाखालीच राहत नाही. तो आजूबाजूच्या जमिनीतही पसरतो. दोन घरे अगदी जवळ असली, म्हणजे मधल्या जमिनीवर दोघांचाही भार पडतो. ती बाजू अधिक खचते आणि घरे एकमेकांकडे झुकतात. उरायासूमध्ये अशी घरे आढळली.

मात्र जेथे भरावातील वाळू आधीच खोलवर ठासून घट्ट केली होती, ती जागा शाबूत राहिली. पुढे वस्तीच्या जमिनीत जाळीसारख्या उभ्याआडव्या भिंती घालण्याची योजना आखण्यात आली. परंतु हे काम एका घरापुरते करता येत नाही; त्यास साऱ्या शेजाऱ्यांची संमती लागते. अनेक ठिकाणी ती न मिळाल्याने काम थोड्याच जागी झाले.

भिंती ज्याच्या त्याच्या असल्या, तरी त्यांखालची जमीन एकच असते. दाट वस्तीत ती भक्कम करणे हे शेजाऱ्यांनी मिळून करावयाचे काम होय.