पाणी पाहून गळ, तोंड पाहून आमिष



सुगी उरकली, की गावच्या पाझर तलावावर चार-दोन पोरे बांबूच्या काठ्या घेऊन बसलेली दिसतात. कुणाच्या डब्यात दानवे, कुणाच्या कागदात कणकेचा गोळा. दिवस मावळेपर्यंत बसायचे आणि दोन बोटांएवढी चिलापी घेऊन घरी परतायचे. विचारावे तर उत्तर ठरलेले, "तळ्यात मासाच राहिला नाही, साहेब."

मासा असतो. तो ज्या वेळी, ज्या थरात, जे खातो, ते आपण त्याच्यापुढे ठेवलेले नसते.

१९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर आपल्या कोरडवाहू भागात असे पाझर तलाव ठिकठिकाणी झाले. विहिरींना पाणी लागावे हा त्यांचा हेतू. पण पाणी साठले तिथे मासाही आला, आणि ज्या घरात महिन्यातून एकदा मटण शिजते तिथे आठवड्याला कालवण होऊ लागले. म्हणून हा विषय पोरखेळाचा समजू नये.

आमिषाच्या आधी पाणी पाहावे. मासाही श्वास घेतो, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर तो जगतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले, की साडेसातच मावतो. म्हणजे चैत्र-वैशाखात तळे आटते आणि उरलेल्या पाण्यातला श्वासही कमी होतो. त्यात पाणी शेवाळाने हिरवेगार असेल तर आणखी एक गोष्ट घडते. दिवसा उन्हात ते शेवाळ प्राणवायू तयार करते, रात्री मात्र स्वतःच तो वापरू लागते. त्यामुळे पहाटे तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. ते भुकेले आहेत असे समजून कित्येक जण तिथेच कणकेचे गोळे फेकतात. मासा तेव्हा गुदमरत असतो, तो खात नाही. आणि फेकलेले आमिष कुजले, की उरलासुरला प्राणवायूही संपतो. उन्हाळ्यात हिरव्या पाण्यावर ऊन वर आल्यानंतर दोन तासांनी गळ टाकावा, नाहीतर सायंकाळी. पौष-माघात उलटे करावे. थंडीने माशाची भूक मंदावते, तेव्हा दुपारी उन्हाने कोमट झालेल्या उथळ काठाला बसावे.

वाराही पाहावा. पाण्यावर तरंगणारे बारीक जीव वाऱ्याबरोबर एका काठाला गोळा होतात आणि त्यांच्या मागे मासे जातात. आपण मात्र पाठीवर वारा घेऊन सोयीच्या काठाला बसतो. वारा तोंडावर येईल आणि लाटा पायाशी आपटतील, तो काठ धरावा.

आता आमिष. माशाचे तोंड पाहिले, की निम्मे उत्तर मिळते. कटल्याचे डोके मोठे, तोंड वरच्या बाजूला वळलेले. तो वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव गिळतो. तळाला टाकलेले दानवे त्याच्या कामाचे नाही. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ आणि भाताचा बारीक कोंडा एकत्र मळून सैल गोळा करावा, तो पाण्यात हळूहळू विरघळला पाहिजे. त्याच्याभोवती दोन-तीन लहान गळ सोडून सगळे पिसाच्या तरंगत्या दांडीखाली हात-दीड हातावर लटकवावे. कटला गोळा तोडत नाही, विरघळलेले पाणीच ओढून घेतो, आणि त्या ओढीत गळ आत जातो. रोहू मधल्या थरातला. त्याच्या ओठाला झालर असते. शेंगपेंड व भाताचा कोंडा सारख्या प्रमाणात हे मत्स्यशेतीतले नेहमीचे खाद्य, म्हणून त्याच वासाची घट्ट गोळी त्याला ओळखीची वाटते. पेंड जुनी, बुरशी आलेली नको. मृगळाचे तोंड खाली वळलेले, तो तळातला गाळ चाळतो. त्याची गोळी जमिनीवर टेकली पाहिजे. दोरीला शिसे बांधून आधी खोली मोजा, मगच दांडी किती वर बांधायची ते ठरवा. एवढा एक उद्योग केला तरी निम्मी पोरे रिकाम्या हाताने परतणार नाहीत.

सायप्रिनस हाही तळ उकरणारा. त्याला उकडलेल्या मक्याचा दाणा पुरतो. गवत्याला लसूणघासाची कोवळी पाने लावावीत. लोकांना हे पटत नाही; पण जनावरासारखे गवत खाणाऱ्या माशाला दुसरे काय द्यायचे?

चिलापी काहीही खाते, दानवे, कणीक, शेवाळ. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वीण फार वाढते आणि इतर माशांच्या वाट्याचे खाद्य ती संपवते. चिलापी हवी तितकी धरावी. काटे कमी असल्याने लहान मुलांच्या ताटातही ती चालते.

रोहू, कटला, मृगळ यांचे मात्र तसे नाही. साचलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ साली ओरिसातील कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, तेव्हापासून त्यांचे बीज हवे तिथे तयार करता येऊ लागले. म्हणजे तुमच्या तलावातला प्रत्येक रोहू कोणीतरी बोटुकली म्हणून विकत आणून सोडलेला आहे, बहुधा तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार सोसायटीने. गळ टाकण्यापूर्वी तिथे विचारावे. मोठी धरणे, नद्या आणि ओढे यांची गोष्ट वेगळी. तिथे मृगाच्या पुरात पोटात लाखांनी अंडी असलेल्या माद्या प्रवाहाविरुद्ध चढतात, आणि आपण सांडव्याशी, ओढ्याच्या तोंडाशी टोपल्या घेऊन उभे! चढणीचे मासे खाण्याची हौस जुनी आहे हे मला ठाऊक आहे. माझ्याही घरी ती होती.

मरळीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. हा मासा वर येऊन हवा घेतो, त्यामुळे आटत्या, गढूळ पाण्यातही तगतो. पाणवनस्पतींच्या कडेला जिवंत लहान मासा किंवा नाकतोडा लावला, की तो धरतो. पावसाळ्यात त्याची पिले तांबूस पुंजक्याने पृष्ठभागावर फिरतात, आमटी उकळावी तसे पाणी तेवढ्यापुरते बुडबुडते. नोकरीच्या पहिल्या वर्षी दौऱ्यावर असताना असा पुंजका मला दिसला. त्यावर नाकतोडा नाचवला आणि दुसऱ्याच फटक्याला दीड किलोची मरळ लागली. मी खूष. शेजारी जाळे विणत बसलेल्या वृद्ध भोयाने वर न पाहताच विचारले, "भुकेने आली असं वाटलं काय?" मी काहीच बोललो नाही. ती पिलांवरून धावून आली होती. तासाभरात चिलाप्यांनी तो पुंजका विस्कटून खाल्लेला मी उभा राहून पाहिला.

म्हणून आषाढ-श्रावणात तांबूस पुंजका दिसला तर गळ गुंडाळून दुसऱ्या काठाला जावे.

सुरुंगाने वा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवलेले आहे. पण कायद्यात न बसणारे विषही आपणच तळ्यात घालतो. फवारणी झाली, की पंप आणि रिकामे डबे तलावात विसळायचे ही सवय. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके अगदी थोड्या प्रमाणातही माशांचा जीव घेतात. पंप शेताच्या बांधावर, तलाव आणि विहिरीपासून दूर धुवावा. आणि मुले गळ घेऊन निघाली, तर एक मोठे माणूस बरोबर पाठवावे. पाझर तलावात जिथून भरावाला माती काढली ते खड्डे काठालगतच असतात, आणि पाणी चढले की ते दिसत नाहीत.