ठोकळ्यांची गाडी आणि मातीचा किल्ला

मुलाची वाढ पाहण्यासाठी बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर वजनकाटा, उंचीची पट्टी आणि डोक्याचा घेर मोजण्याची फीत असते. त्यांच्याच शेजारी पुष्कळदा एक लहानशी पिशवी असते आणि तिच्यात एक-एक इंचाचे लाकडी ठोकळे असतात. साधारणपणे पंधरा महिन्यांचे मूल दोन ठोकळे एकावर एक ठेवते, दीड वर्षाचे तीन, दोन वर्षांचे सहा, तर तीन वर्षांचे मूल नऊ ठोकळ्यांचा मनोरा उभारते. पुढे चार-पाच वर्षांपर्यंत तेच मूल ठोकळ्यांचा पूल आणि दरवाजा रचू लागते. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड गेझेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा निरीक्षणांना शास्त्राची बैठक दिली. म्हणजे ज्याला आपण खेळ म्हणतो, त्याच्याकडे वैद्यकशास्त्र विकासाची खूण म्हणून पाहते.

असे असूनही दवाखान्यात पालक बहुधा दोनच प्रश्न विचारतात. मोबाईल सोडवण्यासाठी काय करावे, हा पहिला. आणि दुकानातील ती महागडी जोडणीची खेळणी घ्यावीत काय, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आपल्या बेळगाव-निपाणी परिसरात दरवर्षी दिवाळीत अंगणाअंगणात मातीने लिहिले जाते. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ठोकळ्यांची कुळकथा

मुलांच्या हाती विचारपूर्वक ठोकळे देण्याची परंपरा जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांच्यापर्यंत जाते. १८३७ च्या सुमारास त्यांनी लाकडी गोल, घन आणि दंडगोल यांचे संच तयार केले. पुढे जगद्विख्यात झालेले वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी आपल्या घडणीचे श्रेय बालपणीच्या याच ठोकळ्यांना दिले आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि चाके यांच्या जोडणीचे पेटंट घेतले. तेच पुढे ‘मेकॅनो’ म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतील अनेक भावी अभियंत्यांनी पहिला स्क्रू अशाच संचातील क्रेन किंवा ट्रक जोडताना पिळला असेल.

आज सर्वांच्या परिचयाची असलेली प्लॅस्टिकची वीट डेन्मार्कमधील बिलुंड या छोट्या गावची. ओले कर्क ख्रिस्तियनसेन हे तेथील सुतार. मंदीच्या काळात, १९३२ साली, ते लाकडी खेळणी करू लागले आणि ‘चांगले खेळा’ या अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून १९३४ मध्ये त्यांनी ‘लेगो’ हे नाव घेतले. विटेच्या वरच्या बाजूस गोल उंचवटे आणि आतून पोकळ नळ्या ही रचना त्यांचा मुलगा गोटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंट कार्यालयात नोंदविली. उंचवटा नळी आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट बसतो. त्यामुळे वीट पकडही धरते आणि लहान मुलाच्या बोटांनी सुटूही शकते. १९६२ मध्ये चाके आली आणि विटांच्या घरांबरोबर विटांच्या गाड्याही धावू लागल्या. १९७८ मध्ये हातपाय हलणारी छोटी माणसे आली, आणि नुसते बांधकाम जाऊन त्याजागी प्रसंग उभे राहू लागले. आठ उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या फक्त सहा विटा किती प्रकारे जोडता येतात, याचे गणित मांडले असता उत्तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ असे येते. या खेळण्याचे सामर्थ्य या आकड्यात आहे. खोक्यावरील चित्र त्या कोट्यवधी शक्यतांपैकी केवळ एक.

आपल्या मातीतील जोडणी

आपल्याकडे हे सारे नव्हते असे मात्र नाही. ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी ही आपल्या खेड्यांतील मुलांची पहिली जोडणीची गाडी. चिपाडाची साल सोलून तिचे खिळे करायचे आणि आतल्या मऊ गाभ्यात खुपसायचे, हे तंत्र कोणत्याही कारखान्याने शिकवले नाही. बेंदराला मातीचे बैल होतात. गोकाकची हलक्या लाकडाची रंगीत फळे आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परदेशी साधनांचा हट्ट न धरता परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंमधून शैक्षणिक साधने घडविली. अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, घन आणि घरे जोडून दाखविली. हे तर गरिबांचे मेकॅनोच होय. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे दिवाळीचा किल्ला. बेळगाव शहराच्या गल्ल्यांत, शहापूर-वडगाव-अनगोळ भागांत, तसेच निपाणी आणि आसपासच्या गावांत वसुबारसेच्या आधीपासूनच मुले दगड, विटा, पोती आणि माती गोळा करू लागतात. तरुण मंडळे तर एखाद्या प्रत्यक्ष गडाची मोठी प्रतिकृती उभारतात आणि सणाच्या रात्री सहकुटुंब किल्ले पाहत फिरणे हा आपल्याकडील नित्याचा परिपाठ आहे.

या बांधकामात मूल नकळत पदार्थविज्ञान शिकते. वेदगंगेच्या खोऱ्यातील काळी माती ओली असताना हवी तशी वळते, पण वाळताना आकसते आणि तटाला भेगा पडतात. बेळगावच्या पश्चिमेकडील तांबडी माती तेवढी चिकट नाही, पण तडकतही नाही. दोन्हींचे मिश्रण करावे, त्यात भुसा घालावा, आत विटा-दगडांचा सांगाडा करून त्यावर चिखलात बुडविलेले पोते पसरावे म्हणजे डोंगर टिकतो. हे ज्ञान दादाकडून धाकट्याकडे जाते. हळीव किंवा मोहरी कधी पेरली म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवळ उगवेल, याचा हिशेबही त्यातच येतो.

हात, डोळा आणि शब्द

आता वैद्यकीय बाजू पाहू. विटा जोडताना किंवा बुरूज थापताना अंगठा आणि तर्जनी यांची चिमटीची पकड, दोन्ही हातांचे परस्परपूरक काम आणि डोळा व हात यांचा मेळ साधला जातो. एक हात धरतो, दुसरा बसवतो. पुढे लेखणी धरण्यासाठी, बटण लावण्यासाठी हीच तयारी लागते. पडद्यावर बोट सरकविण्यात यांपैकी फारसे काही घडत नाही.

२००७ साली अमेरिकेतील डॉ. दिमित्री ख्रिस्ताकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही घरांना ठोकळे आणि ते कसे खेळावेत याच्या सूचना दिल्या, काहींना दिल्या नाहीत. सहा महिन्यांनंतर मध्यम व अल्प उत्पन्न गटातील मुलांमध्ये ठोकळे मिळालेल्यांची भाषेची प्रगती अधिक आढळली. एकाग्रतेच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, म्हणून त्यावरून मोठे दावे करू नयेत. तरीही ठोकळे आणि भाषा यांचा संबंध विचार करण्याजोगा आहे.

दुसरे उदाहरण स्वमग्न मुलांचे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तीन मुलांना तीन कामे दिली जातात. एक मूल नकाशा पाहून सांगते, दुसरे हवा तो तुकडा शोधून देते, तिसरे जोडते. मग कामांची अदलाबदल होते. बोलल्याशिवाय, ऐकल्याशिवाय आणि आपली पाळी येईपर्यंत थांबल्याशिवाय गाडी पूर्ण होतच नाही. ही पद्धत स्वमग्नता बरी करीत नाही, परंतु सहकार्याची सवय लावण्यास तिचा उपयोग केला जातो. आपल्या गल्लीतील किल्ल्याकडे पाहा: एक सांगतो, एक माती आणतो, एक थापतो. तेथेही हीच कामाची विभागणी आहे.

भाषेचा मुद्दा आपल्या सीमाभागात अधिकच महत्त्वाचा. आपली अनेक मुले शाळेत इंग्रजी शिकतात, खेळताना कन्नडही बोलतात. ही श्रीमंतीच आहे. पण तटबंदी, बुरूज, माची, बालेकिल्ला, खंदक, जंग्या, चोरदिंडी हे शब्द आज त्यांच्या कानांवर कोठे पडणार? पुस्तकातून पाठ केलेला शब्द परीक्षेनंतर विसरतो. ज्याने स्वतः चिखलात चोरदिंडी कोरली, त्याला तो शब्द जन्मभर पुरतो.

मांडणी आणि प्रसंग

बांधून झाल्यावर मांडणीचा भाग येतो. येथे प्रमाणाचे भान हवे. समजा मावळा ८ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे प्रत्यक्षाच्या सुमारे विसाव्या भागाइतका. त्याच मापाने पाच मीटर उंचीचा महादरवाजा २५ सेंटिमीटरचा व्हावयास हवा. पुष्कळ किल्ल्यांवर मावळे दरवाजापेक्षा उंच दिसतात, ते याचमुळे. मात्र डोंगर त्या मापाने करू गेलो तर अंगण पुरणार नाही. त्यावर उपाय म्हणजे मोठ्या मूर्ती पायथ्याशी, पाहणाऱ्याच्या जवळ ठेवाव्यात आणि लहान मूर्ती वर माचीवर. त्यामुळे डोंगर आहे त्याहून उंच भासतो. विटांची छोटी माणसे साधारण ४ सेंटिमीटरची असतात, तेव्हा त्यांच्यासाठी केलेली अकरा मीटरची बस सुमारे २७ सेंटिमीटर लांब हवी. हे गुणोत्तराचे गणित मुलाला आनंदाने करू द्यावे. गडाखालच्या रस्त्यावर त्याने ठोकळ्यांची बस किंवा ट्रॅक्टर उभा केला, तर इतिहासाचा भंग झाला म्हणून रागावू नये. आजचे मूल आजच्या वाटेनेच गडाकडे जाते.

मांडणीला प्रसंग असावा. १६६० ची पन्हाळ्याहून विशाळगडाकडील वाट आणि खिंडीतील झुंज, १६६६ ची आग्र्याहून सुटका, १६७० चा कोंढाणा, यांपैकी एक निवडून तेवढाच दाखवावा. आधी एखादा प्रत्यक्ष गड मुलांना दाखवावा हे उत्तम. बेळगावच्या भुईकोटाचा खंदक, येळ्ळूरचा राजहंसगड, हत्तरगीजवळचा वल्लभगड, चंदगड तालुक्यातील पारगड हे सारे आपल्या उंबरठ्यावर आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांतील पन्हाळा निपाणीकरांना फारसा लांब नाही. शेवटी, किल्ला पाहण्यास येणाऱ्यांना माहिती मुलानेच सांगावी, वडिलांनी नव्हे.

खबरदारी

तीन वर्षांखालील मुलाच्या हाती लहान तुकडे देऊ नयेत. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते असे मानतात. घरात दोन वयांची मुले असतील तर थोरल्याच्या विटा उंचावर ठेवाव्यात. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहूनच खरेदी करावी.

गिळलेला गुळगुळीत प्लॅस्टिकचा तुकडा बहुधा आपोआप बाहेर पडतो. २०१८ मध्ये सहा बालरोगतज्ज्ञांनी विटांच्या माणसाचे डोके स्वतः गिळून पाहिले. पाच जणांना ते सरासरी १.७१ दिवसांत परत मिळाले, सहाव्याला मिळालेच नाही! मात्र तुकडा टोकदार असेल किंवा मुलाला गिळण्यास त्रास, लाळ गळणे, उलटी, पोटदुखी यांपैकी काही असेल, तर तातडीने दाखवावे. असे प्लॅस्टिक क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही, हे डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे. बटण सेल आणि शक्तिशाली लोहचुंबक यांच्या बाबतीत वाट पाहणे घातक ठरते. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. वर्षावरील मूल गिळू शकत असेल तर रुग्णालयात नेताना दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, पण त्यासाठी थांबू नये. एकाहून अधिक चुंबक आतड्याच्या दोन पदरांना चिकटून छिद्र पाडू शकतात. श्वास अडकल्यास घशात आंधळेपणाने बोट घालू नये. वर्षाखालील बाळास पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब आळीपाळीने द्यावेत. मोठ्या मुलास पाठीवरील थापा आणि पोटावरील दाब द्यावेत.

मातीकामासाठी नखे कापलेली असावीत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच, दहा व सोळा वर्षांच्या धनुर्वात प्रतिबंधक मात्रा झाल्या आहेत ना, हे पाहावे. जुन्या विटा-दगड उचलताना विंचवाची आठवण ठेवावी. सणाअखेर किल्ल्यात सुतळी बॉम्ब पुरून तो उडविण्याची हौस मात्र कटाक्षाने थांबवावी. उडालेली खडी डोळ्यात गेली तर डोळा चोळू वा दाबू नये, थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावे, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

समारोप

हल्ली बाजारात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. अर्ध्या तासात दिवाळी ‘साजरी’ होते. विटांचे संचही पुष्कळदा वडील जोडतात आणि मुलगा पाहतो. मग ती गाडी काचेच्या कपाटात जाते. वस्तू घरात येते, पण तिच्यातून मिळावयाचे ते हातांना मिळत नाही. वेडावाकडा, एका बाजूने ढासळलेला, पण स्वतः बांधलेला किल्ला हा दुकानातल्या सुबक किल्ल्यापेक्षा शतपटीने मोलाचा आहे.

तेव्हा डॉक्टर बंधु-भगिनींना विनंती अशी की, पालकांनी मोबाईलविषयी विचारले म्हणजे केवळ ‘कमी करा’ म्हणून थांबू नये. ठोकळे, चिपाडे, काड्या, माती यांपैकी जे ज्या घराला परवडेल ते सुचवावे. पालकांनी अंगणाचा किंवा गच्चीचा एक कोपरा, आठ-दहा संध्याकाळी आणि मळलेले कपडे सहन करण्याची तयारी एवढेच द्यावे. आणि किल्ला पुरा झाला की त्याच्यासमोर बसून मुलाचे सांगणे शेवटपर्यंत ऐकावे.